बांगडीतून जाणारा चेंडू

९ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी पुन्हा सात चेंडू. शेवंतीच्या वाफ्यात चार, विहिरीच्या कठड्यापाशी दोन आणि एक तर थेट माझ्या कोर्टावर, सर्व्हिसच्या रेघेवर. न बोलावता आलेल्या पाहुण्याने सरळ खाटेवर बसावं तसा.

वाटणीत माझ्या दिराला, कुंदनभावजींना, गुलाबाचं शेत गेलं. आम्हाला शेवंती, झेंडू आणि माझं मुरुमाचं टेनिस कोर्ट. यंदा त्यांनी गुलाब उपटून तिथे काचेच्या दोन मोठ्या पेट्या उभ्या केल्या. पॅडल म्हणे. कल्पना मनीषाची, माझ्या जावेची. आता मखमलाबादच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी गाड्यांची रांग. चार-चार जण त्या पेटीत शिरतात, हातात भोकं पाडलेलं फळकूट, अगदी बुंदीच्या झाऱ्यासारखं. सर्व्हिस कमरेखालून, लग्नात अक्षता टाकाव्यात तशी. चेंडू मागे गेला तर काचेवर आपटून परत येतो आणि तो मारला तरी चालतो. याला खेळ म्हणायचं.

बांधाकडची जाळी आणखी उंच करू का, असं भावजी विचारत होते. मी नाही म्हटलं. शेवंतीवर सावली पडते.

चेंडू परत द्यायचे नाहीत असं मी ठरवलं आहे. बांधावरच्या कवठाचं सासूबाईंनी वाटणीच्या दिवशीच सांगून ठेवलंय, फळ ज्याच्या बाजूला पडेल त्याचं, दुसऱ्याने मागायला जायचं नाही. चेंडूंना तोच न्याय. लव चांगली आहे, रंग तोच हिरवट पिवळा. माझ्या मुलीच्या, तेजूच्या, सरावाच्या टोपलीत टाकले. जुने गुळगुळीत झाले होते, ते काढून टाकले.

चौदा डिसेंबरला सतरा वर्षांखालच्या मुलींची विभागीय निवड चाचणी. तेजस्विनीचं या गटातलं हे शेवटचं वर्ष. मागच्या वेळी एका जागेने हुकलं. यंदा हुकू देणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तेजूचा खेळ एकदम स्थिर झालाय. लांब लांब रॅली होतात, चेंडू कमरेच्या वर उडत नाही, ती आरामात पोचते. मला समाधान वाटलं. शाळेत दिवसभर परक्या पोरांना शिट्टी मारून रांगेत उभं करायचं आणि घरी येऊन आपल्या एका मुलीला शिकवायचं, यात माझा खरा दिवस संध्याकाळीच सुरू होतो.

एक खोड मात्र लागलीय. खोल चेंडू आला की ती तो जाऊ देते आणि जाळ्याकडे पाठ करून उभी राहते. मी ओरडले, "मागून कोण आणून देणार आहे तुला? मागे नुसत्या तुराट्या आहेत." ती हसली. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

तिच्या बुटांतून बारीक वाळू निघाली, ओंजळभर. शाळेत लांब उडीच्या खड्ड्यात खेळत असणार. घोड्याएवढी झाली तरी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मनीषा बांधापर्यंत आली होती. तीन महिन्यांनी पहिल्यांदा. मी झेंडू तोडत होते, मान वर केली नाही.

"ताई, ते बॉल तेजूला नका वापरू."

"का? तुझं नाव लिहिलंय त्यांच्यावर?"

"तसं नाही. आमचे बॉल वेगळे असतात. त्यांच्यात..."

"मनीषा, तुला बॅकहँड कोणी शिकवला?"

ती थांबली. "तुम्ही," म्हणाली आणि निघून गेली.

मला शिकवायला आली! चार महिने काचेच्या पेटीशेजारी खुर्ची टाकून बसली की ती मार्गदर्शक झाली.

नामपूरहून नवी नवरी होऊन आली तेव्हा दिवसभर कोपऱ्यात बसून रडायची. मी तिला पहाटे उठवून कोर्टावर न्यायचे. मनगट धरून फटका शिकवला, महिनाभर. गाऊनवर ओढण्या बांधून आम्ही दोघी खेळायचो आणि सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, "दोन्ही सुना येड्या निघाल्या." अकरा वर्षं खेळलो. आणि पेट्या उभ्या करताना तिला एकदाही वाटलं नाही की ताईला विचारावं. असो. हे लिहायचं नव्हतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी

वाटणी झाली तरी देव एकच, आणि तो आमच्या घरात. त्यामुळे तळी भरायला सगळे इथेच. मी वांगी भाजली, मनीषा बाजरीचे रोडगे करून घेऊन आली. तासभर एकाच ओट्याशी उभ्या होतो. मिठाचा डबा तिने माझ्याकडे सरकवला, मी तिच्याकडे परत सरकवला.

पाच पुरुषांनी ताट उचललं, भंडारा उधळला, येळकोट झाला. जेवायला बसलो तेव्हा कुंदनभावजींनी तोंड उघडलंच.

"वहिनी, भरीत झकास. आमच्या बॉलचं तर नाही ना केलं? टोपलीभर गेले."

सगळे हसले. मग ते म्हणाले, "चेष्टा सोडा, पण टेनिसला ते चालत नाहीत. हवा कमी असते त्यांच्यात."

"हवा कोणाच्यात जास्त झालीय ते दिसतंच आहे," मी म्हणाले.

यावर सगळ्यात मोठ्याने सासूबाई हसल्या. "लय झालं तुमचं. सणाचं भांडायचं नाय," असं म्हणून त्यांनी मनीषाच्या पानात भरीत वाढलं. तेवढं आवडलं नाही. भावजींचं तोंड बंद झालं ते मात्र आवडलं. ज्ञानेश हसले नाहीत. ताटाकडे बघत बसले. नवरा म्हणून माणूस मिळाला पण बाजू घेणारा नाही मिळाला.

हात धुताना तेजू मनीषाला हळूच म्हणाली, "काकू, उद्या सहाला." गणिताची शिकवणी सहाला असते, तेच सांगत असणार. तिला कशाला सांगायचं ते!

३० नोव्हेंबर, रविवार

फार वाईट दिवस.

चाचणीआधी एक सामना व्हावा म्हणून तेजूला शहरातल्या एका क्लबात घेऊन गेले. समोर पूजा नावाची मुलगी. मागच्या वर्षी तेजूने तिला दोनदा हरवलं होतं. नवा डबा उघडला, फुस्स झालं आणि पहिल्याच चेंडूपासून काहीतरी बिनसलं. चेंडू खांद्यापर्यंत उसळत होता. तेजू प्रत्येक वेळी अर्धं पाऊल मागे, रॅकेट उशिरा. १-६, २-६.

दुसऱ्या सेटमध्ये एक चेंडू खोल आला. तिने तो जाऊ दिला आणि पाठ फिरवली. बघणारे हसले. मी तिच्या मागे, जाळीच्या बाहेर होते, त्यामुळे आम्ही समोरासमोर आलो. तिच्या चेहऱ्यावर मला लाज दिसायला हवी होती. ती नव्हती. ती नुसती थांबली होती.

पूजाचे प्रशिक्षक निघताना म्हणाले, "मॅडम, घरी सराव कुठल्या बॉलवर करता?" मी म्हणाले, "टेनिसच्या." त्यांनी खेळून झालेला एक चेंडू माझ्या हातात ठेवला. "घरच्याशी लावून बघा."

स्कूटरवरून परतलो. गंगापूर रोडच्या सिग्नलला तिने माझ्या पाठीवर डोकं टेकलं. मी ते झटकलं. आता लिहिताना खांदा तिथेच दुखतोय असं वाटतं.

१ डिसेंबर, सोमवार

लावून बघितले. शाळेतून आल्यावर ओट्यावर टोपली ओतली.

दिसायला दोघे सख्खे भाऊ. फुलांच्या काट्यावर ठेवले, दोन्ही अठ्ठावन्न ग्रॅम. मग अंगठ्याने दाबले. क्लबातला दगडासारखा, टोपलीतला पिकल्या पेरूसारखा दबणारा. गच्चीवरून दोन्ही एकदम सोडले. क्लबातला खिडकीच्या गजापर्यंत उडाला, टोपलीतला त्याच्या हातभर खाली राहिला.

आकाराचंही बघायचं होतं, पण फूटपट्टीने गोल वस्तू कशी मोजायची? सासूबाईंच्या हिरव्या बांगड्या उरल्या होत्या, तुळशीच्या लग्नाला भरलेल्यांतल्या. त्यांचा हात मोठा, दोन-दहाचं माप लागतं. क्लबातला चेंडू बांगडीत अडकला. टोपलीतले एकामागून एक सुळकन खाली गेले. सासूबाई बाजूला बसून मोजत होत्या आणि म्हणाल्या, "हे बारकं हाय गं सगळं." एका चेंडूवर पुसट अक्षरं राहिली होती. चष्मा लावून वाचली. पॅडल.

तीन आठवडे. चाचणीला तेरा दिवस राहिले आणि मुलीचे तीन आठवडे मी त्या मऊ चेंडूंवर घालवले. तिचा हात, तिची नजर, तिचं पाऊल, सगळं त्या संथ उडीला लागलं.

मी घालवले नाहीत. मनीषाने घालवले. मुद्दाम. तिला बॅकहँड येतो, म्हणजे कुठून मारलं की चेंडू बांधापलीकडे जातो हेही तिला येतं. जाळी तरी का नाही बांधली तिने?

२ डिसेंबर, मंगळवार

टोपली कमरेवर घेऊन गेले. सहा वाजले होते, पेट्यांवरचे दिवे लागले होते, बाहेर लोक बूट बांधत बसले होते. मला बरंच वाटलं. चारचौघांत होऊ दे. सगळी टोपली तिच्या टेबलावर उलटी केली. चेंडू चहूकडे पळाले.

"माझ्या पोरीचा हात बिघडवलास तू."

"मी?"

"जाळी का नाही बांधलीस?"

"तुम्ही बांधू दिली नाही, ताई. सावली पडते म्हणालात."

"मग नीट सांगायचं तरी!"

"बांधावर आले होते. तळीच्या दिवशी ह्यांनी सांगितलं. आता काय दवंडी पिटू?" फार चिडली की ती माहेरचं बोलते. "मी काय तुमनी वैरीण शे का?"

"हो," मी म्हणाले.

ती खाली बसून चेंडू गोळा करायला लागली. तेवढ्यात मागच्या पेटीतून एक फटका ऐकू आला. फटक्याचा आवाज मला माणसागणिक ओळखू येतो. मी वळून बघितलं.

तेजू आत होती, बारीक वाळू पसरलेल्या गालिच्यावर.

समोरच्या दोघांनी खोल चेंडू टाकला. तो तिच्या डोक्यावरून गेला. तिने धाव घेतली नाही. पाठ फिरवली आणि थांबली. चेंडू मागच्या काचेवर लागला, सावकाश परत आला, कमरेएवढा झाला, आणि तिने तो असा अलगद वर उचलला की समोरचे दोघे माना वर करून बघतच राहिले. तो त्यांच्या मागच्या कोपऱ्यात पडला. घाई कशाचीच नाही. दहा वर्षं मी तिला सांगतेय, घाई करू नको.

मग तिने मला काचेतून बघितलं. हसू तसंच राहिलं आणि डोळे घाबरले.

मी घरी आले.

३ डिसेंबर, बुधवार

दिवाळीपासून जातेय. आठवड्यातून तीनदा, गणिताच्या नावाखाली.

"म्हणजे चेंडूतला फरक तुला माहीत होता?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस. स्वतःचा खेळ बिघडू दिलास."

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कसं कळलं."

ती पुढे म्हणाली, "त्यात हवा मुद्दाम कमी भरतात, आई. तुमचा बॉल त्या काचेत मारला तर कोणाच्या हाताला लागणारच नाही. हा परत यायला केलेला आहे."

तुमचा बॉल, म्हणाली.

"तिथे काय आहे एवढं?"

"इथे मी चुकले की तू डोळे मिटतेस. मला दिसतं. कोर्टाच्या कुठल्याही टोकावरून दिसतं."

मी असं करत नाही. मी नुसती चष्म्यामुळे डोळे चोळते.

ज्ञानेशना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ते फुलांच्या जुड्या बांधत होते. "होतं." "मग बोलला का नाही?" "राखी, तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी तुझी बाजू घ्यावी लागते. मग पुढचं बोलायला जागाच उरत नाही." सासूबाईंनाही माहीत होतं. मनीषाने तेजूला अट घातली होती म्हणे, सातच्या आत घरी, आणि चाचणीपर्यंत टेनिस सोडायचं नाही. काय पण अट! माझ्या मुलीला माझ्याच खेळाची परवानगी ती देणार.

रात्रीच्या जेवणाला तेजू म्हणाली, "चाचणी खेळते. नीट बॉल आण. पण झाली की पुढचं मी ठरवणार."

मी होय म्हटलं नाही. उद्या सकाळी जाऊन डबे आणणार आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

पहिले तीन दिवस तिला चेंडू सापडतच नव्हता. चौथ्या दिवशी एक सापडला. कालपासून पाऊल पुढे पडतंय. कडक चेंडूने खांदा भरून आला, मी तेल चोळून दिलं. ती उताणी पडून छताकडे बघत होती, मी तिच्या हाताकडे. एवढा बळकट हात कधी झाला? मी फक्त आकडे बोलते. वीस फोरहँड. वीस बॅकहँड.

आज सराव करताना मुद्दाम डोळे उघडे ठेवले. अवघड आहे. तीन वेळा मिटले.

पलीकडे भावजींनी जाळी उंच बांधली, न विचारता. शेवंतीवर सावली दुपारी तीननंतर पडते, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. पण विचारायला हवं होतं.

१४ डिसेंबर, रविवार

झाली निवड. पाच जणींत तिसरी.

शेवटचा सामना पूजाशीच पडला. तेजूने तिसऱ्या सेटमध्ये हरवलं. एकही चेंडू मागे जाऊ दिला नाही, एकदाही पाठ फिरवली नाही. मी शिकवलं तसं खेळली, पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत. बघणाऱ्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "केवढी शिस्त!" मी सगळा वेळ तिचा चेहरा बघत होते. त्यावर शिस्तच होती.

मनीषा आली होती. आत आली नाही, फाटकाबाहेर स्कूटरवर बसून होती, तोंडाला रुमाल बांधून. तिला वाटलं मला दिसली नाही. निकाल लागल्यावर गाडी सुरू करून निघून गेली. माझ्या मुलीचा विजय बघायला तिला कोणी बोलावलं होतं?

तेजू रॅकेट पिशवीत भरून माझ्याकडे आली. वाटलं मिठी मारेल.

"झालं ना आई?"

"झालं."

"मग मी जाऊ?"

मला वाटलं पाणी प्यायला जाऊ का विचारतेय. मी म्हणाले, "जा की." ती रडायला लागली. एवढी जोरात रडली की पूजाची आई धावत आली. नंतर कळलं, टेनिस सोडून जाऊ का विचारत होती.

१६ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस घरात युद्ध. मी म्हणाले, ही जागा मिळवायला पोरी जीव काढतात. ती म्हणाली, म्हणूनच अशा पोरीला द्या. मी म्हणाले, मनीषाने डोकं फिरवलंय. ती म्हणाली, काकू तर म्हणते राज्य स्पर्धा खेळून ये, मीच नाही म्हणतेय. मी म्हणाले, त्या झाऱ्याने खेळून पुढे काय होणार? ती म्हणाली, माहीत नाही. एवढ्या शांतपणे म्हणाली की मला थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. दार आपटून कोर्टावर गेले आणि रेघांवर चुना मारत बसले, ज्यांवर उद्या कोणी खेळणारही नाही.

संघातून माघारीचा अर्ज आज पाचच्या आत द्यायचा होता. म्हणजे राखीव मुलीला वेळेत कळवता येतं. अर्ज माझ्याच टेबलावर येतो, शाळेची क्रीडाशिक्षिका मीच.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, घोट्याला दुखापत. तेजू शेजारी उभी होती.

"आई, माझा घोटा ठणठणीत आहे."

"लोक विचारतील."

"विचारू दे."

मी ते खोडलं. दुसरा कागद घेतला. मग लिहिलं, खेळाडूची इच्छा नाही. वाचून बघितलं. एवढंच होतं. यात मनीषाचं नाव कुठे घालावं ते मला सापडलं नाही.

मनीषाला मी माफ केलेलं नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या विसरायला नको.

अर्जाच्या खाली दोन सह्या लागतात, एक प्रशिक्षकाची, एक पालकाची. दोन्ही मलाच करायच्या होत्या. प्रशिक्षकाची झटक्यात झाली, रागाने, कागद फाटेल इतकी दाबून. दुसरीला फार वेळ लागला. तेजू वाट बघत उभी होती. झाल्यावर दोन्हींकडे बघून शाळेचा कारकून म्हणाला, "मॅडम, या सह्या जुळत नाहीत."

"दोन्ही माझ्याच आहेत," मी म्हणाले. "घ्या."